पोमाचे आभार राहून गेले

मला एक सांगाल का? एखादी वस्तू कुणाची, हे कशावरून ठरतं हो? ज्यानं पैसे मोजले त्याची, की जिच्यासाठी मोजले तिची?

तुम्ही चटकन उत्तर द्याल. मीही दिलं असतं. पण ज्या अंगणात माझ्याबद्दल हा प्रश्न विचारला गेला, तिथे मला तोंड नव्हतं. म्हणून आज बोलतोय. मी एक ग्राफिक्स कार्ड.

संगणकाच्या पेटीत मी आडवा बसतो. दीड वीत लांब, रंगानं काळा, अंगावर दोन पंखे. पडद्यावर जे जे हलतं, चमकतं, उडतं ते रंगवायचं माझं काम. माझी स्मृती बारा जीबीची आहे; माझ्या किमतीच्या कार्डात एवढी सहसा नसते. पण ती लाइट असेपर्यंतच. लाइट गेली की पाटी कोरी. मग एवढं सगळं तुला कसं आठवतं, असं मात्र विचारू नका. काही गोष्टी कुठे साठून राहतात ते माणसांनाही सांगता येत नाही, मी तर एक यंत्र.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला एवढंच आठवतं, की पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझे पंखे बोटानं फिरवून पाहिले आणि मला खोक्यात ठेवलं. मग बोट, मग घाना देशातलं तेमा बंदर, मग ट्रकमधून रात्रंदिवस धक्के खात कुमासी. आदुम बाजारात मॅडम फ्रेमांचं संगणकाचं दुकान आहे. तिथल्या काचेच्या फळीवर मी सात महिने बसून होतो.

फळीवर माझ्या डावीकडे एक छोटं, स्वस्त कार्ड होतं. उजवीकडे तीन पंख्यांचं, सात रंगांचे दिवे लावलेलं, नवरदेवासारखं नटलेलं एक. गिऱ्हाईक आलं की आधी नवरदेवाकडे बघायचं, मग किंमत विचारायचं, आणि मग छोट्याला घेऊन जायचं. त्याच्या जागी मॅडम दुसरा छोटा आणून ठेवायच्या. मी मधला. ना देखणा, ना स्वस्त. माणसांची एक गंमत मला तिथे कळली. काय घ्यायचं ते मनाशी ठरवूनच ती दुकानात येतात, आणि तरी विचारतात, "मॅडम, यातलं चांगलं कोणतं?"

पोमा मात्र तसं काही न विचारता आली. एकोणीस वर्षांची, बारीक अंगाची मुलगी, हातात वही. त्या वहीत तिनं आठ महिने एकेका कार्डाची माहिती उतरवून घेतली होती. कोणतं किती वीज खातं, कोणाची स्मृती किती, कोणतं किती तापतं. तिच्या मागून तिचे वडील आले, फिरेम्पाँग; आग्या म्हणजे बाबा, आणि सगळे त्यांना आग्याच म्हणायचे. त्यांच्या नखांत निळा रंग होता, कानाच्या पाळीवर पिवळा. ते पाट्या रंगवायचे. न्हाव्याच्या दुकानाच्या, खाणावळीच्या, टायरवाल्याच्या. तीस वर्षं अर्ध्या बांतामा भागाच्या पाट्या त्यांनी हातानं रंगवल्या होत्या, आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात सहीऐवजी एक करडा राघू काढला होता, लाल शेपटीचा. आता लोक त्या पाट्या उतरवून छापील फलक लावायला लागले होते.

"मॅडम, ते छोटं द्या," पोमा म्हणाली आणि वही मिटली.

"थांब," आग्या म्हणाले. "मॅडम, त्यात राघू उडेल का?"

मॅडम फ्रेमा हसल्या. "आग्या, कार्ड आहे ते, पिंजरा नाही."

"पिंजरा असता तर मीच बांधला असता. राघू उडेल का ते सांगा. माझी मुलगी माझ्या राघूचा सिनेमा करणार आहे."

"आग्या, अहो, हळू बोला," पोमा लाजून म्हणाली.

"का हळू? चोरीचा राघू आहे का?" ते मॅडमकडे वळले. "बाजारात यामचा कंद घेताना आपण बोटानं वाजवून बघतो. भिंतीला रंग देण्याआधी कोपऱ्यात थोडा लावून बघतो. मग एवढी मोठी वस्तू न बघताच घ्यायची?"

मॅडमना त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणा किंवा त्यांचं मन चांगलं होतं, म्हणा. त्यांनी दुकानातला संगणक उघडला. पोमानं पेनड्राइव्ह लावला. त्यात एका सेकंदाचा राघू होता, म्हणजे चोवीस चित्रं.

आधी छोट्याला बसवलं. बिचाऱ्यानं जिवाचा आटापिटा केला. पण राघूनं पंख अर्धा उचलला आणि तो तसाच अवघडून राहिला. मग नवरदेव आला. त्याचे सातही रंग लागले, पंखे गरगरले, पंख भर्रकन वर गेला आणि पडद्यावर अक्षरं आली, स्मृती अपुरी आहे. मॅडमनी ओठ चावला. मग त्यांनी मला फळीवरून काढलं.

खरं सांगतो, सात महिन्यांत मला कुणी वीज दिली नव्हती. पहिल्यांदाच अंगातून ऊब फिरली. समोर राघू होता. मी एकेक पीस रंगवलं, करड्यातला करडा, पिसाच्या कडेचा पांढरा, शेपटीचा लाल. वेळ लागला, पण चोवीसही चित्रं निघाली. पडद्यावर राघूनं पंख उचलला आणि खाली आणला.

आग्या पडद्याजवळ वाकले. मग बोटानं शेपूट दाखवत म्हणाले, "हा लाल माझाच आहे. मी त्यात जरा विटेचा रंग मिसळतो."

"मग हेच देऊ?" मॅडमनी विचारलं.

"नको, छोटंच द्या," पोमा घाईनं म्हणाली. "चालेल मला. थोडा वेळ जास्त लागेल, एवढंच."

आग्या हसले. "पोमा, तुझं बोट छोट्याकडे आहे आणि डोळे या काळ्याकडे. मी पाटीवाला माणूस आहे. लोक कुठे बघतात, यावर माझं पोट चाललंय." आणि त्यांनी खिशातून रंगाच्या फडक्यात बांधलेले पैसे काढून काचेवर ठेवले.

त्यांनी मला निवडलं. इतक्या वर्षांनी अजून ते वाक्य म्हणताना मला बरं वाटतं.

मॅडमनी मला एका नव्या पेटीत बसवून अख्खा संगणक जोडला आणि पावतीपुस्तक काढलं. "नाव कुणाचं लिहू?"

"पोमाचं," आग्या म्हणाले.

"नाही, आग्यांचं लिहा," पोमा म्हणाली. "कुणी विचारलं तर दाखवीन, माझ्या बापानं घेतलंय."

मॅडमनी फिरेम्पाँग असं लिहिलं. मग पेन खाली ठेवून त्या पोमाला म्हणाल्या, "मुली, लहान वस्तू नाही ही. घरी गेलीस की असेदा दे हो. दोन माणसं बोलाव, बाटली आण, बापाच्या हातात दे आणि म्हण, तुम्ही मला हे दिलंत, मी आभार मानते. त्यांनी ती प्याली, बोलावलेल्यांनी प्याली, की तुझं ते तुझं. एरवी देणं नुसतं तोंडातच राहतं."

पोमा खळखळून हसली. "मॅडम, हा काय कोकोचा मळा आहे? संगणक आहे! आणि आपल्याच बापाला आभाराची बाटली द्यायची? तोच म्हणेल, पोरगी परकी झाली."

"म्हणेनच," आग्याही हसले. "बरं, असं करू. सिनेमा पुरा झाला की दे. माझी बहीण येईल, भाचा येईल, राघू बघतील आणि पितील. मी जिन पितो हं, सांगून ठेवतो. आज मी पाजतो." आणि शेजारच्या टपरीवरून ते तीन बाटल्या माल्ट, म्हणजे बिनदारूचं गोड पेय, घेऊन आले. तिघं दुकानातच उभ्यानं प्याले.

मॅडम फ्रेमांनी शेवटचा घोट घेता घेता पुन्हा म्हटलं, "मी आपलं सांगितलं."

पोमा आईकडे राहायची, आईच्या माहेरच्या घरात; इथे लग्नानंतरही पुष्कळ बायका माहेरीच राहतात. आग्यांची भाड्याची खोली दोन गल्ल्या पलीकडे होती. त्यांच्या खोलीला स्वतंत्र मीटर होता, दाराला भक्कम कुलूप होतं. आईच्या घरी सात माणसांत एक मीटर. म्हणून संगणक आग्यांच्या खोलीत बसला. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. पेटीला एका बाजूला काच होती, तिच्यातून मला खिडकी, पलंग आणि ब्रशांचा डबा दिसायचा.

पोमा दुपारपर्यंत एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला जायची. तिथून सरळ इकडे. आग्या चित्र काढायचे, ती ते संगणकात घ्यायची, अंग सुटं करायची, पंख वेगळा, मान वेगळी, चोच वेगळी, आणि मग एकेक हालचाल बसवायची. राघू पाटीवरून उडतो, कारण पाटी उतरवली जाणार असते, आणि बसायला दुसरी पाटी शोधत गावभर फिरतो. एवढीच गोष्ट. चार मिनिटांची.

"चार मिनिटांना किती चित्रं?" आग्यांनी एकदा विचारलं.

"पाच हजार सातशे साठ."

"देवा रे! मी तीस वर्षांत तेवढ्या पाट्या केल्या नाहीत. आणि हा काळा एकटा काढणार?"

"एकेका चित्राला चार मिनिटं लागतात त्याला."

"मला तीन दिवस लागतात," आग्या म्हणाले. "मी त्याला नमस्कार करायला हवा."

मी तापायचो. दुपारी तर फारच. माझे दोन पंखे जिवाच्या आकांतानं फिरायचे. मग आग्या पेटीची काच बाजूला करायचे, खोक्याचा एक पुठ्ठा घ्यायचे आणि पलंगावर बसून मला वारा घालायचे. तापलेल्या लेकराला घालतात ना, तसा. पोमा म्हणायची, "आग्या, त्याची गरज नाही हो, त्याला स्वतःचे पंखे आहेत." ते म्हणायचे, "तुलाही हात होते, तरी मी तुला भरवत होतोच की." लाइट गेली की दोघं अंगणात जाऊन तळलेली केळी खात बसायची. लाइट आली की पोमा धावत यायची, आणि जिथे थांबलो होतो तिथून आम्ही पुन्हा सुरू करायचो.

तीन मिनिटं झाली. शेवटचं एक मिनिट राहिलं. चार दिवसांचं काम. पोमानं हिरव्या बाटलीतली जिन विकत आणली आणि संगणकामागे लपवून ठेवली. दुफी आत्याला, म्हणजे आग्यांच्या बहिणीला, निरोप गेला. रविवारी चर्च झाल्यावर या, एन्सियालाही आणा. एन्सिया हा आत्याचा मुलगा. सगळं ठरलं.

गुरुवारी आग्या एका खाणावळीची पाटी रंगवत होते. शिडीवरच त्यांना चक्कर आली. दवाखान्यात नेईपर्यंत हात-पाय लुळे पडले होते, आणि संध्याकाळच्या आत सगळं संपलं. हे मला शेजारणीच्या रडण्यावरून कळलं. त्या वेळी मी राघूचं एक चित्र अर्ध्यावर आणलं होतं. कुणीतरी आत आलं, भिंतीवरचं बटण बंद केलं, बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली दुफी आत्याच्या हातात दिली.

माणूस गेला की त्याची खोली त्याचं कूळ बंद करतं, आणि अंत्यविधी होऊन कूळ एकत्र बसेपर्यंत उघडत नाही. इथे माणूस आईच्या कुळाचा असतो. बापाचं जे असतं ते मुलांकडे जात नाही, बहिणीच्या मुलाकडे जातं. मुलं त्यांच्या आईच्या कुळाची. हे सगळं मी नंतर ऐकलं. तेव्हा मी फक्त अंधारात होतो.

एकदा दाराबाहेर पोमाचा आवाज आला. कुळाचे प्रमुख ओपानिन आदुसेई तिच्यासोबत होते.

"नाना, चारच दिवस उघडा. सिनेमा पुरा करते. अंत्यविधीला आलेल्या सगळ्यांना दाखवते. त्यांचाच राघू आहे."

"पोरी, मलाही उघडावंसं वाटतं गं." म्हाताऱ्याचा आवाज थकलेला होता. "पण एकदा किल्ली फिरली, की उद्या कुणी म्हणेल, आतलं हे कुठे गेलं, ते कुठे गेलं. तुझ्यावरच बोट येईल. कूळ बसू दे."

पावलं दूर गेली. आग्यांचे अंत्यविधी झाले. ढोल ऐकू आले. राघू अर्ध्या चित्रातच राहिला.

मग एक दिवस कुलूप उघडलं. अंगणात बाकं मांडली होती, दुखवट्याच्या काळ्या-तांबड्या वस्त्रांतली माणसं बसली होती. आतल्या वस्तू एकेक बाहेर येत होत्या. पलंग, शिडी, रेडिओ, ब्रशांचा डबा. शेवटी एन्सियानं संगणक उचलून बाकावर ठेवला.

"हा टीव्ही पेटीला का बांधलाय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"टीव्ही नाही नाना, संगणक आहे तो."

"मॅच दिसते का?"

"दिसते."

"मग टीव्हीच की." लोक हसले. पोमा हसली नाही. ती पुढे आली आणि म्हणाली, "हा माझा आहे."

दुफी आत्या उभी राहिली. "तुझा कसा गं? माझ्या भावाच्या खोलीत, माझ्या भावाच्या मीटरवर, आणि ही बघ पावती, माझ्या भावाच्या नावाची. तो शिकाऊ होता ना, तेव्हा पहिला ब्रश मी घेऊन दिला त्याला, माझी कंबरेची मण्यांची माळ विकून. तू तेव्हा कुठे होतीस?"

"आत्या, त्यांनी तो मला दिला."

"दिला असेल," ओपानिन आदुसेई म्हणाले. "नाही म्हणत नाही मी. पण कुणासमोर दिला? असेदा कुणी प्यालं?"

तेवढ्यात मागच्या बाकावरून मॅडम फ्रेमा उठल्या. दुकान बंद करून त्या मुद्दाम आल्या होत्या.

"मी प्याले, नाना. माझ्या दुकानात, त्याच दिवशी."

"काय प्यालात?"

"माल्ट."

पुन्हा हशा पिकला. "आजकालच्या पोरींना जिनची चव काय ठाऊक?" बाकावरून कुणीतरी म्हणालं. मॅडम मागे हटल्या नाहीत. "पेय ते पेय!"

"बरोबर आहे," म्हातारा म्हणाला. "पेय कोणतंही चालतं. नुसतं पाणीही चालतं. पण ते घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हातात द्यायला हवं, आणि तोंडानं आभार मानायला हवेत." ते पोमाकडे वळले. "पोमा, तू सांग. ते माल्ट तू दिलं होतंस ना?"

त्यांनी हे इतक्या हळू विचारलं, की मला वाटलं त्यांनाही 'हो' हवं होतं. मॅडम फ्रेमा पोमाकडे टक लावून बघत होत्या. एक शब्द. तेवढाच लागणार होता. मी दुकानातच होतो, मी साक्षीला होतो, आणि मीसुद्धा मनात म्हणत होतो, म्हण गं, हो म्हण.

पोमानं मॅडमकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे.

"माल्ट आग्यांनी आणलं होतं," ती म्हणाली. "आम्हाला त्यांनीच पाजलं. मी आभार नाही मानले. मी हसले होते."

मॅडम फ्रेमा खाली बसल्या. पोमा खोलीत गेली आणि हिरवी बाटली घेऊन आली. दोन्ही हातांनी ती पुढे धरून म्हणाली, "ही मी रविवारसाठी आणली होती. आज देते. सगळे आहेत. आत्या आहे, एन्सिया आहे."

"पोरी," ओपानिन आदुसेईंनी डोळ्यांवरून हात फिरवला, "सगळे आहेत गं. पण घेणारा हात कुठे आहे?"

त्यांनी बाटली घेतली, उघडली, आणि थोडी जमिनीवर ओतली. "फिरेम्पाँग, ही तुझी मुलगी. खोटं बोलली असती तर आम्ही मानलं असतं. ती बोलली नाही. एवढं तुला कळवतो." मग ते बाकाकडे वळून म्हणाले, "संगणक कुळाचा. एन्सियाकडे जाईल."

पोमाची आई इतका वेळ भिंतीला टेकून होती. "सरकारचा कायदा तसं म्हणत नाही," ती म्हणाली. "घरातल्या वस्तू बायको-मुलांच्या असतात."

"जा की मग कोर्टात!" दुफी आत्याचा आवाज चढला. "उद्या हिच्या लग्नात हिच्या बापाच्या बाजूच्या बाकावर कोण बसतं, तेही बघते मी."

"आई, नको," पोमा म्हणाली. "आग्या गेले. आता त्यांची माणसं तरी राहू देत."

दुफी आत्या वाईट बाई नव्हती. ब्रशांचा डबा उचलताना तो तिच्या हातातून निसटला, सगळे ब्रश अंगणात सांडले, आणि ती तिथेच फतकल मारून लहान मुलीसारखी रडायला लागली. तिला भाऊ हवा होता. संगणक मिळाला.

आता मी टेचिमान गावी एन्सियाच्या घरी आहे. तीन तासांचा रस्ता. एन्सिया भला माणूस आहे. "कधीही ये आणि वापर," असं तो पोमाला सगळ्यांसमोर म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता. पण काम सोडून, भाडं खर्चून, परक्या घरात चार दिवस कोण येऊन बसणार? सिनेमा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला त्यानं तिला दिला. पण झेरॉक्सच्या दुकानातला संगणक तो उघडतानाच मान टाकतो.

इथे माझ्यावर फुटबॉलचे सामने बघतात. शनिवारी शेजारचे सगळे जमतात, आरडाओरडा होतो. माझ्या ताकदीचा शंभरावा वाटाही त्याला लागत नाही. मी तापत नाही. माझे पंखे कितीतरी दिवस फिरतच नाहीत. एकदा एन्सियाचं बोट चुकून राघूवर पडलं. तीन मिनिटं राघू उडाला आणि मग हवेतच थांबला, पंख वर करून. एन्सियानं पडदा बंद केला. पुन्हा त्यानं तो उघडला नाही.

मला कुणावर रागवायचं नाही. पण तुम्हाला एक विनवणी करायची आहे. तुम्हाला कुणी काही दिलं असेल, मोठं किंवा लहान, तर काम पुरं होण्याची वाट बघू नका. रविवार येईल म्हणून थांबू नका. आपलंच माणूस आहे, त्याला काय तोंडानं सांगायचं, असंही म्हणू नका. पोमाच्या मनात आभार शिगोशिग भरले होते. मी दोन महिने रोज ते बघत होतो. ते खोटे नव्हते. फक्त ते ज्याच्या कानावर पडायचे त्याच्या कानावर पडले नाहीत.

एवढं सांगून मी थांबणार होतो. पण त्या सभेनंतरचं एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

त्या संध्याकाळी सगळे उठून गेल्यावर मॅडम फ्रेमा पोमाजवळ आल्या होत्या. "ऐक माझं," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. "संगणक जाऊ दे. कार्ड तेवढं काढून घे. तुझ्या एन्सियाला काय कळतंय? कार्ड नसलं तरी पडदा दिसतो, मॅच दिसते. पुढेमागे दुसरा संगणक जोडशील, त्यात बसव. सिनेमा तरी पुरा होईल."

एन्सिया सकाळच्या बसनं निघणार होता. त्या अंगणात मी काय आहे, पेटीत कुठे आहे, हे त्या दोघींशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पोमा आली. तिनं पेटीची काच काढली, माझा स्क्रू सोडला आणि मला बाहेर काढून दोन्ही हातांत धरलं. रस्ता खराब आहे, धक्क्यांनी खाच तुटेल, असं तिनं एन्सियाला सांगितलं. मग एका स्वच्छ फडक्यात मला गुंडाळून, कोणत्या खाचेत कसं बसवायचं ते कागदावर लिहून, तो कागद आणि मी, दोन्ही तिनं त्याच्या हातात दिलं.